कार्ताहेनातली शेवटची खानावळ

(मारुंजी, तालुका मुळशी. २००७ च्या डिसेंबरातला एक रविवार, सकाळ. हैबतरावांच्या घराची गच्ची. तिच्या एका टोकाला निषादची भाड्याची खोली. मध्ये ताडपत्रीवर नवं भात वाळत घातलेलं. हैबतरावांच्या पत्नी सारजाबाई यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे. डॉक्टरांनी उन्हाकडे बघू नका म्हटल्यामुळे त्या डोळ्यांवर पदर ओढून भाताजवळ बसल्या आहेत.)

सारजाबाई : …ऊन टाकीवर आलं, ते मगाशीच सांगितलंस. आता कुटवर आलंय?

निषाद : अजून टाकीवरच आहे, मावशी. पण आता ते नुसतं टेकलेलं नाही, थोडं ओघळलंय. टाकीच्या काळ्या पोटावर रात्रीचं दव असतं ना, त्यातून एक पिवळसर पट्टा सावकाश खाली उतरतोय. त्याच्या खालचा पाइप मात्र अजून निळाच दिसतो.

सारजाबाई : पाइपाला काय करायचंय मला? भातावर कवा येतंय त्ये बोल.

निषाद : येईल. त्याची एक रीत आहे. टाकीवरून ते आधी सळयांवर जातं. वरच्या मजल्यासाठी काकांनी सोडून ठेवल्यात ना, त्या सळया. दिवसभर त्यांच्याकडे कुणी बघत नाही. पण ह्या वेळेला त्यांच्या टोकांवरचा गंज केशरी होतो, आणि वाटतं, कुणीतरी इथं ओळीनं निरांजनं लावून ठेवलीयत आणि ती विझवायला विसरलंय.

सारजाबाई : म्हाताऱ्याला म्हनलं हुतं, त्या सळयांना सिमिट तरी फासा. गंजून चालल्यात.

निषाद : मग ते कठड्यावर येतं. कठड्यावर आलं की जरा थांबतं. समोरच्या नव्या सोसायटीला हिरवी जाळी बांधलीय, तिच्यातून गाळून येतं म्हणून असेल. पण रोज तिथं थांबतं खरं. पलीकडे उतरावं की उतरू नये, याचा विचार करत असल्यासारखं. मग एकदम, तुम्ही बघत नसताना, ते भाताच्या पहिल्या कडेवर आलेलं असतं. तिथला दाणा न् दाणा वेगळा दिसायला लागतो. बाकीचं सगळं भात तेव्हा सावलीत असतं, एकसारखं, करडं.

सारजाबाई : ऊन कसला इचार करतंय! तुजं आपलं कायतरीच. उन्हावर येवडं बोलतूस. मानसापुढं तोंड शिवल्यागत का करतूस रं?

निषाद : ऊन उलट विचारत नाही, मावशी.

सारजाबाई : बरं, आता कुटवर आलं?

निषाद : सळयांवर.

सारजाबाई : सावकाश येऊंदे. चांगलं खडखडीत वाळलं पायजे. माज्या म्हायेरचं, रिह्याचं आंबेमोहर हाय हे. भावानं खास धाडलंय. मी त्याला म्हनलं, आमचा निषाद परदेशी चाललाय, तितं ह्यो वास कुटनं मिळनार त्याला?

निषाद : मावशी, एवढं सगळं माझ्यासाठी?

सारजाबाई : मंग? तितं खात्यात काय, ते तर तू सांगितलंस. मासं. सकाळ-संध्याकाळ नुस्तं मासं खाऊन मानूस जगंल व्हय?

निषाद : भात असतो तिकडे. नारळाच्या दुधात शिजवतात, जरासा गोडसर. बरोबर तळलेली अख्खी तांबोशी आणि कच्च्या केळ्याचे थापून तळलेले काप. आमच्या हर्णैला आई सणाला करायची, जवळजवळ तसाच.

सारजाबाई : आरं, मंग घरीच चाललास की! चांगलं झालं बाबा. म्हाताऱ्याच्या गळ्यात माळ, म्हनून तुला हितं कदी सुकट भाजू दिली न्हाई. तीन वर्सं आबाळ झाली तुजी. माजं मन खायाचं.

निषाद : आबाळ नाही झाली. सवय झाली.

सारजाबाई : दोनी येकच. बरं, म्हातारा इचारत हुता, खोली कवा मोकळी करतूस? बार्शीकडचं ते जोडपं परवा येऊन बघून गेलं. एक तारखेला सामान आनत्यात. तूच म्हनलास म्हनून त्यानं सबूद दिला.

निषाद : हो. म्हणालो होतो.

सारजाबाई : म्हनलास ना? मंग आवाज असा पडका का? कागद आलं का तुजं?

निषाद : येतील. आज-उद्याच कळेल. ज्ञानदा येतेय आत्ता, तिला विचारतो.

सारजाबाई : ती आलीच बग. तिच्या गाडीचा आवाज वळखू येतुया मला. जिना चढताना चपला वाजवती पोरगी.

ज्ञानदा : येऊ का? मावशी, कसा आहे डोळा?

सारजाबाई : ये गं बाय. चपला तितंच काड, भातावर पाय देऊ नगंस. डोळा बरा हाय. दुसरा त्याच्याबी आधी गेलेला, म्हनून समदं धुरकट दिसतंय. बसा तुमी. मी जरा खाली जाऊन येते. जाऊ नगंस हां, मी आल्याबिगर.

ज्ञानदा : धरून नेऊ का खाली?

सारजाबाई : नगं. पन्नास वर्सं ह्या घरात वावरले. भितीला हात लावून जाते.

ज्ञानदा : निषाद, माझ्याकडे फार वेळ नाहीये. दुपारची अकोल्याची गाडी आहे. पटापट नावं सांग, मी मोबाइलमध्ये टाकून घेते.

निषाद : अकोल्याला? तू तर आत्ताच दिवाळीत जाऊन आलीस.

ज्ञानदा : काम आहे घरी. सांगते. आधी हॉटेलांचं. जानेवारीत सतराला आम्ही कार्टाजिनाला उतरणार, वीसला आपण ज्यांची सिस्टिम करतोय त्या पोर्टच्या लोकांबरोबर पहिलं डिनर. त्यांच्या तिथल्या बाईनं मेल केलाय, जागा तुम्ही निवडा, आम्हांला आवडेल. तिला काय ठाऊक, इथं माणूस वर्षभर तेवढंच करत बसलाय.

निषाद : कार्ताहेना.

ज्ञानदा : काय?

निषाद : कार्टाजिना नाही. कार्ताहेना. ज्या गावी सहा महिने राहायचं त्याला निदान नावानं हाक मारावी.

ज्ञानदा : बरं, कार्ताहेना. सांग.

निषाद : पोर्टच्या लोकांना घेऊन जाण्याजोगी एक जागा तटबंदीच्या आत आहे. चौकातून घड्याळाच्या मनोऱ्याकडे पाठ केली की डाव्या गल्लीत. लाकडी सज्जे आहेत, सज्ज्यांवरून बोगनवेल लोंबते. मेजावर पांढरं कापड. मासा ते आतच सोलतात, काटे काढतात, वर एक फूल ठेवतात आणि मग तो तुमच्यापुढे आणतात. तो मासा कुठल्या समुद्रातला आहे हे त्यालाही आठवत नसेल. तुला आवडणार नाही.

ज्ञानदा : ऋषिकेशला आवडेल. काटे काढलेले असतात ना? मग हे फायनल.

निषाद : ऋषिकेश.

ज्ञानदा : तो येतोय माझ्याबरोबर. असा चेहरा करू नकोस, तुला माहितीय.

निषाद : प्रोजेक्टच्या दुसऱ्या जागेवर तो आहे हे मला माहीत आहे. मी तिसऱ्या जागेबद्दल विचारणार होतो.

ज्ञानदा : तिसरी जागा नाहीये, निषाद.

निषाद : तसा मेल अजून आलेला नाही.

ज्ञानदा : जी जागाच नाही तिचा मेल कोण पाठवेल? मॅनेजर एकदा कँटीनमध्ये म्हणाला, काम वाढलं तर तिसरा माणूस लागेल. डोसा खाता खाता म्हणाला. तो त्यानंतर विसरला पण. तू मात्र त्या एका वाक्यावर घर बांधलंस.

निषाद : पुढची जागा लिही. हेत्सेमानी नावाची वस्ती आहे, तटबंदीच्या बाहेर. पूर्वी तिथं गुलाम आणि कारागीर राहायचे. तिथं एक बाई घरातल्या पुढच्या खोलीत जेवण घालते. पाटी नाही. पाटी नाही म्हणून जायचं.

ज्ञानदा : पाटी नाही तर शोधायचं कसं?

निषाद : दुपारी बाराला त्या गल्लीत उभं राहायचं. बंदरावरचे हमाल ज्या दारात शिरतात ते दार. आई लिलावातून मासा घ्यायची तेव्हा आधी मासा बघायचीच नाही. कोळणी स्वतःच्या घरी कुठल्या टोपलीतला नेतात ते बघायची. खानावळीचंही तेच. दारात उभा राहून जो हसून आत बोलावतो त्याच्याकडे जायचं नाही. जिथं जेवणाचे रंगीत फोटो लावलेत तिथंही नाही. काय आहे म्हणून विचारलं, आणि त्यानं सगळं आहे म्हणून सांगितलं, तर उठून यायचं. समुद्रात सगळं कधीच नसतं. ज्या दिवशी जे मिळालं तेवढंच असतं.

ज्ञानदा : ऋषिकेश असा गल्लीत उभा राहणार नाही रे. त्याला एसी लागतो, टेबल बुक केलेलं लागतं. आणि तो अख्खा मासा बघून घाबरतो. डोळे असलेलं काही त्याला ताटात नको असतं.

निषाद : मग तो कार्ताहेनाला कशासाठी चाललाय? वाकडच्या मॉलमध्ये जेवला तरी चालेल त्याला.

ज्ञानदा : तो प्रोजेक्ट करायला चाललाय. आम्ही दोघंही. तेवढं विसरलास तू.

निषाद : काटे काढता येत नाहीत अशा माणसाबरोबर तू सहा महिने समुद्राकाठी राहणार.

ज्ञानदा : शिकेल. मलाही कुठं येत होतं? आमच्या घरात अंडं आणलं तर आजी आंघोळ करायची. तू मला कासारसाईच्या धरणावर नेलंस, त्या टपरीवर. रोहू मागवलास. स्वतः मात्र नाक मुरडलंस, म्हणे चिखलाचा वास येतो.

निषाद : येतोच. धरणातल्या माशाला येतोच.

ज्ञानदा : पण खाल्लास. मला शिकवायचं म्हणून. रोहूचे काटे ज्याला जमले त्याला जगातला कुठलाही मासा जमतो, असं म्हणाला होतास. वरची बाजू संपली की शेपटीकडून मधला काटा धरायचा आणि एका दमात उचलायचा. मध्येच थांबायचं नाही. थांबलं की तुटतो.

निषाद : आठवतंय तुला.

ज्ञानदा : हात विसरत नाहीत. मी शिकवीन त्याला. तू मला शिकवलंस तसंच.

निषाद : एक जागा राहिली. बंदराच्या नव्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून. मोठी काचेची टाकी आहे, आत जिवंत शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, फिरतात. तुम्ही बोट दाखवायचं. वाजवणारेही असतात, मेजापाशी येऊन गाणं म्हणतात. पहिल्या संध्याकाळी तुम्ही दोघं तिथंच जा.

ज्ञानदा : काचेची टाकी?

निषाद : हो.

ज्ञानदा : जिच्याबद्दल तू मार्चमध्ये म्हणाला होतास, की इथं फक्त बोटीतून उतरलेले अमेरिकन जातात आणि पोट बिघडवून परत बोटीत चढतात?

निषाद : मत बदलू शकतं माणसाचं.

ज्ञानदा : इतका वाईट आहेस तू? मला पोट बिघडायला पाठवतोयस?

निषाद : तुला नव्हे.

ज्ञानदा : हसू येतंय रे मला, आणि हसावंसं वाटत नाहीये. बोल ना एकदा सरळ. चिड. ओरड. वर्षभर ह्या गच्चीवर बसून आपण त्या गावातल्या गल्ल्या पाठ केल्या. तू मला पहाट कशी होत असेल ते सांगितलंस, मासळी कुठल्या धक्क्याला उतरते ते सांगितलंस. एकदाही म्हणाला नाहीस, ज्ञानदा, मला तुझ्याबरोबर यायचंय.

निषाद : ते वेगळं म्हणायला हवं होतं? मी प्रत्येक मेज दोघांचं निवडत होतो.

ज्ञानदा : मेज! मी मेजाशी लग्न करणार होते का? सप्टेंबरमध्ये निवडीसाठी पोर्टच्या बाईचा फोन आला तेव्हा तरी बोलायचंस. सिस्टिम तुला आमच्या दोघांपेक्षा जास्त येते. ऋषिकेशनं अर्धं चुकीचं सांगितलं, पण सांगितलं. तुझी पाळी आली आणि ती बाई नुसती हॅलो, हॅलो करत राहिली. मी टेबलाखालून तुला पाय मारला.

निषाद : लाइनवर एक आवाज येत होता. सतत, मागं. मला वाटलं, तिची खिडकी उघडी आहे आणि समुद्र ऐकू येतोय. मी तो ऐकत राहिलो.

ज्ञानदा : तो आपल्या कॉन्फरन्स रूमचा एसी होता.

निषाद : नंतर कळलं.

सारजाबाई : आले गं. वाइच वाट सोडा. ज्ञानदा, हिकडं ये बाय. पूर्वेला तोंड करून बस. पाट आनला न्हाई, ह्या पोत्यावर बस.

ज्ञानदा : काय हे, मावशी? नारळ कशाला?

सारजाबाई : वटी भरते तुजी. नवं तांदूळ हाय, काल थोडं गिरनीतनं आनलं. सुपारी, हळकुंड, खन. लगीन न्हाई झालं म्हनून काय झालं? साकरपुडा ठरलेल्या पोरीची भरत्यात. परमुलकात चाललीस, सासरचं कुनी संगं न्हाई. ह्याची आई तिकडं हर्नैला. मंग हितं मीच की.

ज्ञानदा : साखरपुडा? मावशी, तुम्हांला कुणी सांगितलं?

सारजाबाई : सांगाय कशाला पायजे? ह्यो म्हनला, आमी जानार. म्या इचारलं, आमी म्हंजी दोगं ना? लगीन करून का तसंच? तर मान खाली घालून हसला. पोरगं लाजलं म्हनलं.

ज्ञानदा : निषाद. तू मावशींना काय सांगितलंयस?

निषाद : मी काही सांगितलं नाही. मी फक्त नाही म्हणालो नाही.

सारजाबाई : काय कुजबुजताय? पदर पसर गं.

ज्ञानदा : मावशी, ऐका, मी…

निषाद : घे ना. तिला दिसत नाहीये. घे.

ज्ञानदा : ओढणी पसरली, मावशी. घाला.

सारजाबाई : हां. ह्यो नारळ. ह्यो खन. आन् हे तांदूळ, येक, दोन, तीन, चार, पाच. कुकू कुटं लावू, कपाळ कुटाय तुजं? वाकू नगंस, वर कर. दोगं जपून ऱ्हावा. येकमेकाला टाकून जेवू नगा. ह्यो मुकाट हाय, तू बोल. तू बोललीस की ह्यो बोलंल. आन् तितल्या मासळीत ह्यो भात शिजव, वास बघ कसा दरवळतोय.

ज्ञानदा : शिजवीन. पाया पडते, मावशी.

सारजाबाई : सुखी ऱ्हा. चा आनते आता. निषाद, ऊन भातावर आलं का?

निषाद : कठड्यावर आहे.

सारजाबाई : अजून कठड्यावरच? बरं. बसा.

ज्ञानदा : गेली का ती खाली?

निषाद : गेली. रागावू नकोस. म्हातारी आहे, दुखावली असती.

ज्ञानदा : मी तिच्यासाठी नाही घेतली. खोटी ओटी मी कुणासाठी घेतली नसती. पण ही खोटी नाहीये. साखरपुडा खरंच आहे. बुधवारी, अकोल्याला. म्हणून चाललेय.

निषाद : ऋषिकेश.

ज्ञानदा : त्यानं विचारलं. एवढंच केलं त्यानं, निषाद. पार्किंगमध्ये, हेल्मेट हातात घेऊन, अगदी वाईट पद्धतीनं विचारलं. पण विचारलं. बाबांनाही स्वतः फोन केला. म्हाताऱ्या बाईनं तुझी म्हणून माझी ओटी भरली आणि मी त्याची म्हणून घेतली. तू तिथं उभा होतास आणि मला घे म्हणालास. ह्याच्याहून वाईट काय असतं, मला माहीत नाही.

निषाद : मला तू आधी सांगायचं होतंस.

ज्ञानदा : दोनदा सांगायला आले. एकदा तू मला कार्ताहेनाच्या पावसाबद्दल सांगत बसलास. दुसऱ्यांदा त्या शेवटच्या खानावळीबद्दल.

निषाद : त्या खानावळीचं नाव मी तुला देणार नाही. बाकी सगळी ने. ती नाही.

ज्ञानदा : ठेव.

निषाद : ती मी पहिल्या संध्याकाळसाठी ठेवली होती. मासळीबाजाराच्या मागं, खाडीवर लाकडी फळ्या टाकून केलेली. चारच मेजं. नवरा मासा आणतो, बायको रांधते. नारळाच्या दुधातली ती आमटी एका मातीच्या भांड्यात येते, दोघांत एकच. भरतीला फळ्यांखालून पाणी वाजतं. तिथं त्याला नेऊन बसवलेलं मला सहन होणार नाही. एवढं तरी माझं राहू दे.

ज्ञानदा : निषाद, ती बंद झालीय.

निषाद : काय?

ज्ञानदा : मी फोन केला होता. ऑफिसच्या लाइनवरून, रात्रपाळीला. तुझ्या वाढदिवसाला तिथल्या बाईचा आवाज ऐकवावा म्हणून. माझं स्पॅनिश ऐकून पलीकडचा माणूस आधी हसला. मग म्हणाला, सेन्योरा, इथं आता फरश्या विकतात. दोन पावसाळे झाले. नवरा-बायको गावी गेले.

निषाद : पण इंटरनेटवर खानावळींच्या त्या साइटवर लोक अजून लिहितायत…

ज्ञानदा : जुनंच लिहिलेलं आहे ते. तारखा बघ ना कधीतरी.

निषाद : कधी केला होतास फोन?

ज्ञानदा : जूनमध्ये.

निषाद : जूनपासून तुला माहीत होतं? आणि दर रविवारी इथं बसून तू ऐकत राहिलीस? ते भरतीचं पाणी, ती फळी, सगळं?

ज्ञानदा : तू इतकं छान सांगायचास. आणि वाटायचं, सांगता सांगता कधीतरी खरं बोलशील. नंतर कळलं, तुला तिथं जायचंच नव्हतं. तुला इथं बसून तिथलं सांगायचं होतं. एक फोन, निषाद. तू एक फोन का नाही केलास?

निषाद : उचलला असता तर काय बोललो असतो? जा आता. गाडी चुकेल.

ज्ञानदा : मावशींना खरं सांग. मी चाललेय म्हणून नव्हे. एक तारखेला खोलीत दुसरं कुणी येतंय, असं काका जिन्यात म्हणाले. तू कुठं जाणार आहेस?

निषाद : बघेन.

ज्ञानदा : नारळ जड आहे. गाडीच्या डिकीत मावेल ना? येते.

निषाद : सावकाश चालव. कासारसाईच्या फाट्यावर डंपर असतात.

सारजाबाई : निषाद! चा घे. ती कुटं गेली? गाडी गेल्यागत वाटली.

निषाद : गेली, मावशी. तिला अकोल्याची गाडी गाठायची होती.

सारजाबाई : चा न घेता? आन् वटीचं तांदूळ?

निषाद : नेलं. सगळं नेलं.

सारजाबाई : मंग बरं. मला आपलं वाटलं, भांडलासा. चपला वाजल्या न्हाईत जिन्यात. हळूहळू उतरली पोरगी.

निषाद : नाही. भांडलो नाही.

सारजाबाई : ऊन कुटवर आलं?

निषाद : भातावर आलंय. सगळ्या भातावर. कडेकडेला पण आता सावली नाही.

सारजाबाई : मंग ते दाताळं घे आन् खालवर कर. उद्या गिरनीत टाकू. तुज्या पेटीत किती बसंल? धा किलो बसंल का? इमानात वजन बगत्यात म्हनं.

निषाद : मावशी, काकांनी बार्शीच्या माणसांना दिलेला शब्द मागं घेतला तर चालेल का?

सारजाबाई : आता गं बया! तुला ठावं हाय की, म्हातारा सबूद फिरवत न्हाई. त्यांनी तिकडची जागा सोडली बी आसंल. का रं? कागदाला उशीर हुतोय व्हय? म्हैनाभर? तसं आसंल तर खालच्या खोलीत पोती हायेत, ती सरकवू. म्हैनाभर पडशील तितं.

निषाद : महिनाभर नाही.

सारजाबाई : मंग किती?

निषाद : …

सारजाबाई : बोल की बाबा. मला दिसत न्हाई, तोंड बघून कसं कळंल?

निषाद : मी जात नाहीये, मावशी. माझी निवड झालीच नव्हती. मला सप्टेंबरातच कळलं होतं.